नदीचे पंचांग
(अमेरिकेच्या पश्चिमेतील ट्राउटच्या नद्यांवर शरदात जाणाऱ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकाची प्रस्तावना)

परदेशातली सहल बहुधा रजेच्या तारखांवरून ठरते. विमानाचे तिकीट केव्हा परवडेल, मुलांच्या शाळेला सुट्टी केव्हा, सोबत्याला कचेरीतून सुटका केव्हा, हे जुळले की मग नकाशा उघडला जातो. मोंटाना, वायोमिंग आणि आयडाहो या राज्यांतल्या ट्राउटच्या नद्यांवर शरद ऋतूत जाऊ पाहणाऱ्याने हा क्रम उलटा करावा, असे या पुस्तकाचे म्हणणे आहे. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत तिथल्या नद्यांचे स्वतःचे पंचांग चालू असते. हेब्गन तलावातले ब्राउन ट्राउट याच दिवसांत मॅडिसन नदीत वर चढू लागतात. रात्री पाणी गोठवणारी पहिली थंडी पडली की काठच्या गवतातले नाकतोडे संपतात आणि ढगाळ दुपारी तांदळाच्या दाण्याएवढे करडे-हिरवे किडे पाण्यावर येऊ लागतात. जवळजवळ ११ हजार फुटांवरून जाणारा बेअरटूथ घाटरस्ता साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर बर्फाने बंद होतो. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातला मासेमारीचा हंगाम ऑक्टोबरबरोबर संपतो, आणि त्याच सुमारास मोंटानात बंदुकीने शिकार करण्याचा हंगाम सुरू होतो. यातली एखादी तारीख नजरेतून सुटली तर हजारो मैलांवरून आलेला माणूस बंद फाटकासमोर उभा राहतो. त्याहून वाईट म्हणजे, जिथे त्या आठवड्यात पाय ठेवू नये नेमक्या त्याच पाण्यात तो उतरतो.

या खेळाशी अजिबात ओळख नसलेल्या वाचकासाठी त्याचे मूळ तत्त्व सांगायला हवे. नेहमीच्या गळात आमिषाचे किंवा शिशाचे वजन दोरीला ओढत नेते. फ्लाय फिशिंगमध्ये गळावर पिसे, केस आणि धागा गुंडाळून केलेल्या कृत्रिम माशीला जवळजवळ वजनच नसते. वजन असते ते जाड, निमुळत्या होत गेलेल्या दोरीला. लवचीक काठीने ती दोरी हवेत मागे-पुढे उलगडायची आणि तिच्या टोकाच्या बारीक, पारदर्शक तंतूला बांधलेली माशी पाण्यावर अलगद उतरवायची. ट्राउट हा थंड, स्वच्छ, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातला मासा. त्याचे बरेचसे अन्न म्हणजे मेफ्लाय, कॅडिस आणि स्टोनफ्लाय हे कीटक. त्यांचे बहुतेक आयुष्य नदीच्या तळाशी दगडांखाली जाते. पंख फुटल्यावर ते थोडेच दिवस, मेफ्लाय तर एखाददोन दिवसच, हवेत जगतात. कोणता किडा, कोणत्या अवस्थेत, पाण्याच्या कोणत्या थरात आहे हे ओळखून तशी माशी तशाच चालीने वाहू द्यायची, एवढाच हा खेळ. ऐकायला सोपा वाटतो. पण तो शिकवण्यासाठी पाचशे वर्षे पुस्तके लिहिली जात आहेत.

इंग्रजीतला या विषयावरचा पहिला छापील ग्रंथ १४९६ चा. तो डेम ज्युलियाना बर्नर्स यांच्या नावावर सांगितला जातो. आयझॅक वॉल्टनचे प्रसिद्ध पुस्तक १६५३ मध्ये आले, आणि त्यात माशीने मासे धरण्याचा खरा पाठ चार्ल्स कॉटनने १६७६ च्या आवृत्तीत जोडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण इंग्लंडमधल्या टेस्ट आणि इचेन या चुनखडीच्या झऱ्यांवर पोसलेल्या संथ नद्यांच्या काठी या खेळातला सर्वांत गाजलेला वाद पेटला. फ्रेडरिक हॅल्फर्डचा आग्रह होता की माशी पाण्यावर तरंगलीच पाहिजे, आणि तीही वर आलेल्या माशाच्या पुढ्यातच टाकली पाहिजे. जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाने १९१० मध्ये पुस्तक लिहून दाखवून दिले की मासा बरेचसे खाणे पाण्याखालीच उरकतो, तेव्हा किड्याच्या पाण्याखालच्या अवस्थेची, म्हणजे निम्फची, नक्कल करणे तितकेच रास्त आहे. हॅल्फर्डच्या अनुयायांना यात अधर्म दिसला. आज पश्चिमेतल्या कोणत्याही नदीवर दोन्ही पंथांचे लोक खांद्याला खांदा लावून उभे असतात, तरी ‘तरंगती माशी श्रेष्ठ’ ही भावना अजून पुरती गेलेली नाही.

अमेरिकेत हा खेळ आधी पूर्वेच्या कॅट्सकिल डोंगरांत रुजला. थिओडोर गॉर्डनने हॅल्फर्डशी पत्रव्यवहार करून इंग्रजी माश्या तिथल्या खळाळत्या पाण्याला मानवतील अशा बेताने बांधल्या. पश्चिमेत पोचल्यावर मात्र रंगरूप बदलले. तिथल्या नद्या रुंद, वेगवान, गोट्यांनी भरलेल्या. नाजूक माशी तिथे दोन लाटांत बुडते. मिझूलाच्या फ्रान्झ पॉटने केस विणून माश्या केल्या, बिग होल नदीवर जन्म काढलेल्या जॉर्ज ग्रँटने ती विणकाम-कला पराकोटीला नेली, आणि लिव्हिंग्स्टनला १९३८ मध्ये दुकान थाटणाऱ्या डॅन बेलीने हरणाच्या केसांच्या, ठसठशीत, न बुडणाऱ्या माश्यांना घरोघरी पोचवले. वेस्ट यलोस्टोनच्या बड लिलीने दुकानालाच शाळा केले; मासा सोडून देण्याची सवय गिऱ्हाइकांना लावणाऱ्यांत तो आघाडीवर होता. पुढे पोलंड आणि चेक प्रदेशातून आलेली जड निम्फ तळाशी घासत नेण्याची पद्धत, जपानी डोंगरी ओढ्यांवरची रीळ नसलेली तेन्कारा काठी, आणि शरदात विशेष चालणारे बोटभर लांबीचे, लहान माशाची नक्कल करणारे स्ट्रीमर अशी भर पडत गेली. या पुस्तकाचा कल कोणत्याच पंथाकडे नाही. ऑक्टोबरच्या एकाच दिवसात सकाळी निम्फ, दुपारी तरंगती माशी आणि संध्याकाळी स्ट्रीमर असे तीन पंथ पाळावे लागतात, हे त्यामागचे कारण.

इथे मराठी वाचकाला जवळचा असा एक धागा आहे. सह्याद्रीत पहाटे ओरडणारा राखी रानकोंबडा अनेकांना ठाऊक असतो. त्याच्या मानेवरची मेणचट, पिवळसर ठिपक्यांची पिसे व्हिक्टोरियन काळापासून इंग्लंडमध्ये सामन माशासाठीच्या माश्यांवर डोळा म्हणून लावली जात. मेन राज्यातल्या कॅरी स्टीव्हन्स यांनी १९२४ मध्ये बांधलेला ‘ग्रे घोस्ट’ हा अमेरिकेतला सर्वांत नावाजलेला स्ट्रीमरही याच पिसांनी सजतो. भारतातून रानपक्ष्यांची पिसे बाहेर पाठवण्यास आता कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. दूरच्या नदीवरचा हा छंद आपल्या जंगलातून काय घेऊन गेला, हे मात्र त्या नदीवर जाणाऱ्याला माहीत असावे.

माशांची गोष्ट जरा सावकाश सांगावी लागेल, कारण सहलीचे अर्धे निर्णय त्यातून निघतात. रॉकी पर्वताच्या या भागातला मूळचा ट्राउट म्हणजे कटथ्रोट. जबड्याखाली लालभडक रेघ असलेला हा मासा लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेतल्या सायलस गुडरिचने १३ जून १८०५ रोजी मिसूरीच्या मोठ्या धबधब्यांपाशी धरला; त्याच्या शास्त्रीय नावात क्लार्कचे नाव आहे आणि ‘वेस्टस्लोप’ या पोटजातीच्या नावात लुईसचे. इथल्या शोशोनी, सालिश, नेझ पर्स, क्रो या लोकांना तो अर्थातच शतकानुशतके ठाऊक होता. ज्यासाठी माणसे शरदात इतक्या लांब येतात तो ब्राउन ट्राउट मात्र युरोपचा. १८८३ मध्ये बॅरन लुसिअस फॉन बेर यांनी जर्मनीतून पाठवलेली अंडी फ्रेड मॅदर यांनी न्यूयॉर्कजवळच्या उबवणी केंद्रात उतरवून घेतली, आणि तिथून हा मासा देशभर पसरला. रेनबो ट्राउट प्रशांत महासागराच्या उताराकडचा, ब्रूक ट्राउट पूर्वेकडचा. म्हणजे मॅडिसनमध्ये आज गळाला लागणारे दोन मुख्य मासे दोन वेगवेगळ्या दिशांनी आलेले पाहुणे आहेत.

यलोस्टोन उद्यान १८७२ मध्ये स्थापन झाले तेव्हा तिथल्या सुमारे ४० टक्के पाण्यात मासाच नव्हता. धबधब्यांनी वाट अडवली होती. फायरहोल नदीचा धबधब्यावरचा भाग असाच रिकामा होता. १८८९ मध्ये डेव्हिड स्टार जॉर्डन यांनी पाहणी केली आणि पाठोपाठ मासे सोडण्याचा सपाटा सुरू झाला. लुईस तलावात १८९० मध्ये स्कॉटलंडच्या वाणाचे ब्राउन आणि मिशिगन सरोवरातले लेक ट्राउट सोडले गेले. या लेक ट्राउटची पुढची कथा विलक्षण आहे. मिशिगन सरोवरातला त्यांचा मूळ वंश विसाव्या शतकात नष्ट झाला, तेव्हा महासरोवरांत लेक ट्राउट परत आणण्यासाठी लुईस तलावातल्या वंशाचा उपयोग झाला. तोच मासा कोणीतरी बेकायदा यलोस्टोन तलावात सोडला. १९९४ मध्ये तो तिथे सापडला आणि त्याने कटथ्रोटची संख्या पार कोसळवली. उद्यानाचे लोक तेव्हापासून जाळी लावून लाखो लेक ट्राउट काढत आले आहेत. कटथ्रोट ओढ्यांत चढेनासे झाले, त्यामुळे त्यांच्यावर जगणाऱ्या अस्वलांनाही दुसरे अन्न शोधावे लागले.

या इतिहासातून आजचे नियम आले आहेत, आणि नवख्याला ते प्रथम विसंगत वाटतात. उद्यानात मूळचा मासा सर्वत्र सोडून द्यावा लागतो. रेनबो ट्राउट फायरहोलमध्ये सोडायचा, पण लामार खोऱ्याच्या काही भागांत तोच मासा मारणे बंधनकारक आहे, कारण तिथे त्याचा कटथ्रोटशी संकर होतो. मासा ओळखता येणे ही इथे हौसेची बाब नाही, कायद्याची आहे.

आणखी एक घटना या साऱ्या प्रदेशाचे आजचे रूप ठरवून गेली. उबवणी केंद्रात वाढवलेले मासे नदीत ओतले की मासे वाढतात, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. मोंटानाचे मत्स्यशास्त्रज्ञ डिक व्हिन्सेंट यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून मॅडिसनवर आणि शेजारच्या ओडेल ओढ्यावर मोजणी केली, तेव्हा उलटेच आढळले. जिथे मासे सोडणे थांबवले तिथे नदीतच जन्मलेल्या ट्राउटची संख्या वाढली; जिथे सोडणे सुरू केले तिथे ती घटली. दुकानदार, हॉटेलवाले, खुद्द खात्यातली माणसे चिडली. तरीही १९७४ मध्ये मोंटानाने जिथे ट्राउट स्वतः टिकून राहू शकतात अशा नद्यांत मासे सोडणे बंद केले. अमेरिकेच्या मत्स्यव्यवस्थापनातला इतका धाडसी आणि इतका फळलेला निर्णय दुसरा क्वचितच सापडेल. आज ऑक्टोबरमध्ये मॅडिसनच्या प्रवाहात लागणारा प्रत्येक ब्राउन त्याच नदीच्या गोट्यांत जन्मलेला असतो. म्हणूनच त्या गोट्यांवर कोण पाय ठेवतो याला महत्त्व आहे.

ब्राउन आणि ब्रूक ट्राउट शरदात वितात. रेनबो आणि कटथ्रोट वसंतात. दिवस लहान होऊ लागले, पाणी गार झाले की ब्राउन वरच्या उथळ पाण्याकडे निघतो. मादी आडवी होऊन शेपटीच्या फटकाऱ्यांनी गोटे उकरते, खळगीत अंडी घालते आणि वरच्या बाजूचे गोटे ढकलून ती झाकते. आजूबाजूचा तळ शेवाळाने काळपट असतो, आणि ही खळगी धुतल्यासारखी फिकट दिसते. अंडी हिवाळाभर तिथेच असतात. त्या फिकट पट्ट्यावरून माणूस चालला तर पायाखाली पुढच्या पिढीचा चुरा होतो, आणि वीण चालू असलेल्या माशाला गळाने छेडणे म्हणजे दमलेल्याला आणखी दमवणे. शरदातल्या मोठ्या माशांच्या छायाचित्रांमागे अनेकदा हेच असते. तलावातून निघून वाटेवर असलेला, अजून वीण सुरू न केलेला मासा खोल पाण्यात स्ट्रीमरवर झडप घालतो. त्याच्या मागे लागणे रास्त आहे. खळगीवर उभा असलेल्याला सोडून द्यावे. या दोहोंतली रेघ हे पुस्तक ठळक आखते आणि त्या बाबतीत कोणाची भीड बाळगत नाही. बुल ट्राउट हा इथला मूळचा मासाही शरदातच वितो. १९९९ पासून केंद्रीय कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि बहुतेक ठिकाणी त्याला मुद्दाम धरणे गुन्हा आहे.

नद्यांचे प्रकार समजले की तारखा आपोआप जुळू लागतात. बर्फ वितळून आणि पाऊस पडून वाहणाऱ्या मुक्त नद्या, उदाहरणार्थ यलोस्टोन, शरदात सर्वांत कमी आणि सर्वांत नितळ असतात. यलोस्टोन सुमारे ११०० किलोमीटर वाहते आणि तिच्यावर एकही मोठे साठवण धरण नाही. असे पाणी हवेबरोबर बदलते. रात्री तापमान उणे गेले की सकाळी मासे निपचित असतात, म्हणून नऊऐवजी अकराला निघालेले बरे. धरणाखालच्या नद्या वेगळ्या: हॉल्टर धरणाखालची मिसूरी, यलोटेल धरणाखालची बिगहॉर्न, फ्लेमिंग गॉर्ज धरणाखालची यूटातली ग्रीन. तिथे पाणी जवळजवळ वर्षभर एकाच तापमानाच्या आसपास येते, त्यामुळे बर्फ पडू लागल्यावरही हंगाम रेंगाळतो. किती पाणी सोडले आहे हे क्युसेकमध्ये रोज जाहीर होते. कोयना आणि खडकवासल्याच्या बातम्या वाचणाऱ्यांना हे परिमाण शिकवावे लागत नाही. तिसरा प्रकार झऱ्यांवर पोसलेल्या नद्यांचा. आयडाहोतला सिल्व्हर क्रीक आणि हॅरिमन घराण्याच्या जुन्या कुरणातून वाहणारा हेन्रीज फोर्क हे त्यातले तीर्थक्षेत्र म्हणावेत असे. पाणी आरशासारखे, मासे चिकित्सक. तिथे एका दिवसात एक मासा मिळाला तरी माणसे तृप्त होतात.

आणि मग दुर्गम म्हणावेत असे प्रदेश आहेत. १९६४ च्या कायद्याने रक्षिलेल्या बॉब मार्शल अरण्यात मोटारच नव्हे, सायकलही नेता येत नाही. तिथल्या फ्लॅटहेड नदीच्या दक्षिण शाखेवर पोचायचे तर पायी किंवा घोडे-खेचरांसोबत. आयडाहोत सामन नदीच्या मधल्या शाखेवर साधारण १६० किलोमीटरचा प्रवास रबरी होडीतून होतो आणि कटथ्रोट सोडून द्यावे लागतात. उन्हाळ्यात तिथल्या परवान्यांसाठी सोडत असते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर सोडत नसते, पण तेव्हा वरच्या टप्प्यात होडी तरंगण्याइतके पाणीही नसते, म्हणून अनेक जण छोट्या विमानाने इंडियन क्रीकच्या धावपट्टीवर उतरून तिथून होड्या सोडतात. गर्दी कमी आणि पाणीही कमी. शरदातला जवळजवळ प्रत्येक निर्णय या जातीचा असतो.

अस्वलांचा प्रश्न टाळता येत नाही. ग्रिझली शरदात हिवाळी झोपेपूर्वी दिवसभर खात असते, आणि नदीकाठची झुडपे हा तिचा वावर. अस्वलांसाठीचा तिखट फवारा कमरेला हवाच. तो विमानात नेता येत नाही, तेव्हा तिथे उतरल्यावर घ्यायचा. शिकारीचा हंगाम सुरू झाला की भडक नारिंगी टोपी घालावी. थंड पाण्यात पाय घसरला तर अंग गारठायला फार वेळ लागत नाही. कोरड्या कपड्यांचा दुसरा संच गाडीत नव्हे, पाठीवर असावा.

नदी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर राज्याची सीमा ओलांडली की बदलते, आणि अनेक सहली इथेच फसतात. मोंटानात १९८४ च्या न्यायनिर्णयांनंतर १९८५ मध्ये कायदा झाला. सार्वजनिक वाटेने किंवा पुलापासून पाण्यात उतरलेल्या माणसाला नेहमीच्या पूररेषेच्या आत, खासगी जमिनीतून वाहणाऱ्या प्रवाहातही हिंडता येते. शेजारच्या वायोमिंगमध्ये १९६१ च्या निकालानुसार पाण्यावरून तरंगत जाण्याचा हक्क सर्वांना आहे, पण तळ जमीनमालकाचा. खासगी पट्ट्यात नांगर टाकला किंवा पाय टेकवला की अतिक्रमण झाले. आदिवासी राष्ट्रांच्या भूमीवर आणखी वेगळी व्यवस्था असते: फ्लॅटहेड किंवा विंड रिव्हर राखीव क्षेत्रात त्यांचा स्वतंत्र परवाना लागतो. बिगहॉर्नच्या बाबतीत इतिहास जास्त बोचरा आहे. क्रो लोकांचे नेते रॉबर्ट यलोटेल यांनी ज्या धरणाला कडवा विरोध केला त्याच धरणाला त्यांचे नाव दिले गेले, आणि त्या धरणामुळे घडलेल्या ट्राउटच्या नदीचे पात्र क्रोंचे नसून राज्याचे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये दिला. बिग होलच्या उत्तर शाखेच्या काठी ९ ऑगस्ट १८७७ च्या पहाटे झोपलेल्या नेझ पर्स छावणीवर सैन्याने हल्ला केला; ती जागा आज राष्ट्रीय स्मारक आहे. मासेमारीच्या मार्गदर्शिकांत या गोष्टी सहसा नसतात. इथे त्या आहेत, कारण ज्या पाण्यात उभे राहायचे त्याच्या काठावर काय घडले हे ठाऊक नसणे बरे नव्हे.

हे पुस्तक आताच का, याचे उत्तर नद्यांनीच दिले आहे. नॉर्मन मॅक्लीन यांचे या खेळाभोवती फिरणारे १९७६ चे पुस्तक आणि त्यावरचा रॉबर्ट रेडफर्डचा १९९२ चा चित्रपट यांनंतर या खेळात माणसांची लाट आली. कोविडच्या काळात दुसरी आली. त्याच वेळी पाणी तापत चालले आहे. मोंटानात पाण्याचे तापमान लागोपाठ तीन दिवस २३ अंश सेल्सिअसपर्यंत गेले की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद करता येते, आणि अशी बंदी आता अनेक नद्यांच्या उन्हाळ्याचा नेहमीचा भाग झाली आहे. १९९४ मध्ये मॅडिसनमध्ये माशांचा ‘व्हर्लिंग’ रोग सापडला. वरच्या भागातले रेनबो ९० टक्क्यांच्या घरात घटले होते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये एका परजीवीने हजारो व्हाइटफिश मेले आणि यलोस्टोन नदीचा जवळजवळ ३०० किलोमीटरचा पट्टा उपनद्यांसह बंद करावा लागला. ३० नोव्हेंबर २०२१ ला हेब्गन धरणाच्या दरवाजाचा भाग तुटला आणि मॅडिसनचा प्रवाह पाहता पाहता निम्म्याहून खाली आला. उघड्या पडलेल्या गोट्यांत नुकतीच घातलेली अंडी होती. गावकरी बादल्या घेऊन धावले आणि डबक्यांत अडकलेले मासे त्यांनी मुख्य प्रवाहात नेऊन सोडले. १३ जून २०२२ च्या पुराने उद्यानाचा उत्तरेकडचा रस्ताच वाहून नेला. उन्हाळा असा बेभरवशाचा झाल्यावर अनेक जण शरदाकडे वळले. तापमान, धूर आणि गर्दी या तिन्ही बाबतींत ते शहाणपणाचे आहे. पण त्यामुळे विणीच्या ऐन काळात नदीवरचा भार वाढतो, आणि तो भार कसा वाटून घ्यायचा हा या पुस्तकाचा खरा विषय आहे.

पुस्तक कोणासाठी, हेही सांगायला हवे. सिअॅटल, डेन्व्हर किंवा बे एरियात स्थायिक झालेली आणि एखाद्या लांब शनिवार-रविवारी या नद्यांपर्यंत जाऊ शकणारी मराठी कुटुंबे आता बरीच आहेत. काश्मीरमध्ये, हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात किंवा मुन्नारला ब्रिटिशांच्या काळात आणलेला ट्राउट पाहून आलेले वाचक महाराष्ट्रात आहेत. आणि लोणावळ्याजवळच्या वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास झाली, ती वाचून गोड्या पाण्यातल्या माशांबद्दल आस्था वाटू लागलेलेही आहेत. यांच्यापैकी कोणीही आधी काठी हातात धरलेली असावी अशी अपेक्षा नाही. दोरी कशी फेकावी हे कागदावरून शिकता येत नाही. त्यासाठी पहिला दिवस स्थानिक वाटाड्याबरोबर घालवावा, त्यात कंजुषी करू नये.

छोट्या ओढ्यांची नावे आणि नेमक्या जागा मात्र या पुस्तकात मुद्दामच दिलेल्या नाहीत. मॅडिसन, हेन्रीज फोर्क, बिगहॉर्न यांचा उल्लेख मोकळेपणाने येतो, कारण त्या जगजाहीर आहेत आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारी माणसे आहेत. अरण्यातला एखादा कटथ्रोटचा ओहोळ छापील नावाचा भार सोसू शकत नाही. परवान्यांचे दर आणि प्रत्येक पट्ट्याचे नियमही दिलेले नाहीत. ते दरवर्षी बदलतात आणि तीन राज्ये व उद्यान यांच्या स्वतंत्र पुस्तिकांत मिळतात. उद्यानात राज्याचा परवाना चालत नाही, तिथे बिनकाट्याचा गळ लागतो, शिसे चालत नाही आणि नमद्याच्या तळव्याचे बूट २०१८ पासून बंद आहेत, एवढे अपवाद म्हणून इथेच नोंदवावेत.

त्याऐवजी प्रत्येक मार्गासोबत तारखांचा पट्टा, त्या पट्ट्यात टाळायचे पाणी आणि बेत फसला तर दोन-तीन तासांच्या अंतरावरची दुसरी नदी दिली आहे. तयारीचे पान एप्रिलपासून सुरू होते. त्या महिन्यात डोंगरावर किती बर्फ साठला आहे याचे आकडे जाहीर होतात, आणि त्यावरूनच ऑक्टोबरमध्ये मुक्त नदीवर जायचे की धरणाखालच्या, याचा पहिला अंदाज बांधता येतो. जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याचे तापमान आणि बंदीच्या सूचना पाहायच्या. ज्या नदीने उन्हाळा कष्टात काढला असेल तिला त्या वर्षी यादीतून वगळायचे. विमानाचे तिकीट त्यानंतर काढायचे.